मोरीच्या वरचे तीन मैल

१७ मार्च

हंगामाची पहिली फेरी झाली. चोकचेरी ओढ्यात उतरलो आणि पाचव्या मिनिटाला डाव्या बुटात पाणी शिरलं. रबरी विजारीला ठिगळ लावायचं काम मीच हिवाळाभर पुढे ढकललं होतं, त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

यंदा माझ्या जोडीला रीटाची आयोन आहे. धाकट्या बहिणीची मुलगी, चौतीस वर्षांची, माशांवर मोठं शिक्षण घेऊन परत आलेली. आमच्या जमातीच्या मासळी खात्यात मी सव्वीस वर्षं स्टीलहेडची, म्हणजे समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या माशाची, घरटी मोजतोय. वही नवी आहे, म्हणून एकदा लिहून ठेवतो. मादी शेपटीने खडी उकरते, खड्ड्यात अंडी घालते, वरून पुन्हा खडी लोटते. ती धुतलेली खडी आजूबाजूच्या शेवाळलेल्या दगडांत फिकट दिसते. ते घरटं. काठावरच्या फांदीला रिबीन बांधायची, तिच्यावर नंबर घालायचा, की पुढच्या फेरीत तेच पुन्हा मोजलं जात नाही. लहान मुलालाही जमेल असं काम, फक्त खोटं न बोलणारं मूल पाहिजे.

आयोनला सांगून ठेवलं, "शंका आली की घरटं नाही. पुराने लोटलेली खडी, हरणांनी तुडवलेली जागा, मादीने उकरून सोडून दिलेला खड्डा, सगळं घरट्यासारखंच दिसतं. ज्याला हवं असतं त्याला जिथेतिथे घरटं दिसतं."

"आणि ज्याला चुकायची भीती वाटते त्याला, मामा?"

कानामागून आली आणि तिखट झाली.

खालचे चार मैल तिला दिले. वरचे तीन मी कुणाला देत नाही.

१८ मार्च

वरच्या तीन मैलांचं का, तेही लिहितो. जंगलातल्या रस्त्याखाली एक लोखंडी मोरी होती. तिचं तोंड पाण्यापासून कमरेएवढं उंच. साठ वर्षं मासे तिथे येऊन उड्या मारायचे, डोकं आपटून घ्यायचे आणि खाली परतायचे. ती काढा म्हणून मी पंधरा वर्षं बैठकांमधून घसा कोरडा केला. चार उन्हाळ्यांपूर्वी ती निघाली, पूल झाला. पुढच्या वसंतात पुलाच्या वर दोन घरटी सापडली. त्या दिवशी मी पाण्यात उभा राहून लहान पोरासारखा रडलो होतो.

त्यानंतरची दोन वर्षं शून्य. मीच मोजली, मीच लिहिली. यंदाही शून्य आलं तर वरचे तीन मैल खात्याच्या यादीतून जातील. मोजणी बंद, काठ धरून ठेवणाऱ्या वाळुंजाची लागवड बंद, काठावरच्या मर्लच्या गुरांना अडवणारं कुंपण बंद. दोन वर्षांत काठ ढासळून चिखल होईल. मग मासा आला तरी अंडी घालणार कुठे?

२ एप्रिल

वर शून्य. खाली आयोनला तीन.

पाणी दुधाळ आहे. पाण्यावरची चकाकी कापणारा गॉगल बदलला तरी तेच. परतताना कुंपणापाशी मर्ल भेटला, त्या काठाची जमीन त्याचीच. म्हणाला, "लायनेल, पन्नास वर्षांत हा ओढा इतका नितळ पाहिला नाही बघ. वर बर्फच नाही, गढूळ होणार कशाने?" बिचारा मर्ल. माझ्याहून सातच वर्षांनी मोठा, पण वय बोलायला लागलंय. मी हो ला हो केलं.

आणि ऑफिसने यंदा फॉर्मच्या छपाईतही काटकसर केलीय. शाई एवढी फिकी, की रकाने दिसत नाहीत. वर्नाला, म्हणजे आमच्या साहेबीणबाईंना, सांगितलं पाहिजे.

१२ एप्रिल

वर शून्य.

काल फेरी झाल्यावर आयोन म्हणाली, "मामा, तू पिकअपमध्ये बस. माझी काठी पुलाजवळ राहिली." काठी आणायला तिला दोन तास लागले. परत आली तेव्हा कमरेपर्यंत ओली. विचारलं तर म्हणे, पाय घसरला. मागच्या फेरीला टेप विसरली होती, त्याआधी पाण्याची बाटली. एवढी शिकलेली, पण वेंधळी. रीटा लहानपणी अशीच होती, शाळेत जाताना एक बूट घरी विसरायची.

शिवाय ही मुलगी सारखे पाण्याचे फोटो काढते. पाण्याचे! मी विचारलं, "पाणी कुठे पळून चाललंय का?" ती म्हणाली, "चाललंय की, मामा." पिकअपही आता तीच चालवते. आजकालच्या गाड्यांच्या दिव्यांना कसलं तरी वलय असतं, समोरून आली की काही दिसत नाही.

१९ एप्रिल

कंदांचं जेवण झालं, आमच्या लोकांचा दर वसंतातला सण. बायकांनी डोंगरावरून खणून आणलेले कंद, भाजलेला मासा, हरणाचं मटण. नेहमीप्रमाणे आधी सगळ्यांनी पाण्याचा घोट घेतला, मग मासा. मी पाण्याचा पेला उचलायला गेलो आणि शेजारचा पाडला. म्हाताऱ्या अगाथाच्या मांडीवर सगळं पाणी. ती म्हणाली, "लायनेल, मला ब्याण्णव वर्षं झालीत रे, अजून आंघोळ माझी मी करते." सगळी पंगत हसली. आयोन हसली नाही. आता हिच्या चेहऱ्यावर कसली चिंता?

जेवणाआधी म्हाताऱ्या मंडळींनी माशाचे आभार मानले. मला आत कुठेतरी लाज वाटली. पाणी पिताना मनात एकच येत होतं, की वर या. एक तरी या. मी डोळ्यांत तेल घालून बघतोय.

४ मे

आज गंमत झाली. आयोन म्हणाली, "मामा, मला डोळे तपासायचेत. एकटीला कंटाळा येतो, चल ना." शहरातल्या दवाखान्यापर्यंत तासाभराचा रस्ता. तिथे पोचलो तर ही मलाच म्हणते, "आलोच आहोत तर तूही दाखवून घे."

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांना काय झालंय? सव्वीस वर्षं माझ्या मोजणीवर कुणी बोट ठेवलं नाही."

"नुसतं दाखव म्हणते. पाच मिनिटं."

"बसतो इथे. तू जा आत."

ती एकटीच गेली. मी तासभर खुर्चीत बसून मासिकं चाळली. तिथेसुद्धा छपाईचं तेच, सगळं फिकं. आयोनचे डोळे गरुडासारखे निघाले म्हणे. मग आलो कशाला होतो? परतीच्या वाटेवर तिने मला तळलेली बटाट्याची भजी खाऊ घातली आणि एक अक्षर बोलली नाही. एखाद्या मुलाशी काही बिनसलं असेल. पोरीने मनातलं बोलायला हवं, मी काही परका नाही.

८ मे

वर शून्य. आयोनला खाली आजवर चौदा.

फॉर्मवर पुन्हा शून्य काढलं. वर्नाने फोनवर विचारलं, "लायनेलकाका, वरचं काय?" मी म्हटलं, "अजून दोन फेऱ्या आहेत." ती म्हणाली, "मला जूनच्या मध्यावर यादी द्यायची आहे." आवाज मऊ होता. तिलाही ते तीन मैल हवेत. पण हवंय म्हणून घरटं होत नाही, हे तिलाही मीच शिकवलंय.

एक ठिकाण मात्र होतं. वाकडा देवदार आहे तिथल्या डोहाच्या शेपटाला, पाणी उथळ होतं तिथे, काहीतरी फिकट वाटलं. बराच वेळ उभा राहिलो. ऊन असेल, फेस असेल. शंका आली की घरटं नाही. नाही लिहिलं.

रात्री जेवण गेलं नाही. या ओढ्याला मी फसवलं का, असं येतंय मनात. एवढी वर्षं सगळ्यांना सांगत होतो, मोरी काढा, ते येतील.

१६ मे

हे आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मी ते सोयीस्कर करून लिहीन.

आयोन हट्टाने वर सोबत आली. मी पुढे, ती तीस पावलं मागे. त्याच वाकड्या देवदाराशी ओढा ओलांडायचा होता. घरटी मोजणाऱ्याचा पहिला नियम, फिकट खडीवर पाऊल टाकायचं नाही. हा नियम मी किमान चाळीस जणांना शिकवलाय, दोघांना त्यापायी घरीही पाठवलंय. मला खडी सगळीकडे सारखीच दिसली, काळपट. पाऊल टाकलं. पाय आत गेला, जिथे जायला नको तिथे, नांगरटीत जावा तसा भुसभुशीत. मी तोल जाऊन डाव्या हातावर पडलो.

हाताखाली दगड होते. त्यांना बुळबुळीतपणा नव्हता. ओढ्यातल्या दगडाला शेवाळ असतंच, बोटं घसरतात. हे दगड खरखरीत, स्वच्छ, घासून ठेवल्यासारखे. सव्वीस वर्षांत मी घरट्याला कधी हात लावला नव्हता, पण बोटांना लगेच कळलं. हात वर काढला, डोळ्यांपाशी नेला. बोटांच्या बेचक्यात तीन अंडी चिकटली होती. वाटाण्याएवढी, नारिंगी.

मागून आयोन ओरडली, "मामा, हलू नकोस! जिथे आहेस तिथेच थांब!"

ती आली. माझ्या काखेत हात घालून तिने मला एकेक पाऊल मागे घेतलं, काठावर बसवलं. मी तळहात तसाच धरून होतो.

"घरटं आहे ना?" मी विचारलं.

"हो."

"पुलाच्या वर. आले ते."

"आले, मामा."

मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. ते आले होते. आणि मी त्यांच्यावर पाय दिला होता. किती अंडी चिरडली असतील, पन्नास, दोनशे? ती मादी इतका लांबचा समुद्र सोडून, एवढी धरणं चढून आली. आणि इथे तिला मी भेटलो. मी हात पाण्यात धरला आणि ती तीन अंडी वाहून जाऊ दिली. दुसरं काय करणार?

मग लक्षात आलं, की आयोनला आश्चर्य वाटलेलं नाही.

"तुला माहीत होतं हे इथे आहे?"

तिने आपली काठी काठावरच्या चिखलात रोवली.

"आयोन."

"आठवं आहे हे," ती म्हणाली. "खाली सात आहेत. पुलापासून इथपर्यंत. फोटो आहेत, जागा टिपल्यात, सगळं आहे."

काठी, टेप, बाटली. सगळं एकदम समजलं. दवाखाना समजला. मर्लसुद्धा समजला.

"कधीपासून?"

"एप्रिलच्या सुरुवातीपासून. पाणी काचेसारखं आहे, मामा, आणि तू दुधाळ म्हणत होतास."

मी तिला फार वाईट बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, तिच्या लक्षात राहिलंच आहे.

१७ मे

दिवसभर घरात. एक डोळा झाकून खिडकी पाहिली, मग दुसरा. उजव्याने चौकट दिसते, बाहेरचं झाड दिसत नाही. डाव्याने दोन्ही असून नसल्यासारखी. हे कधी झालं? रोज थोडं थोडं जात असेल, आणि मी रोज दुसऱ्या कुणाला तरी दोष देत होतो. गॉगलवाल्याला, छापखान्याला, बर्फाला.

संध्याकाळी आयोन आली. दारात उभी राहून म्हणाली, "शिव्या उरल्या असतील तर घालून घे. मग मी जेवण गरम करते."

मी म्हटलं, "सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटली. आई म्हणते, मामी गेल्यावर तू वर्षभर या खुर्चीतून उठला नाहीस. ओढ्यानेच तुला उठवलं. मी म्हटलं, याला डोळ्यांचं सांगितलं तर हा पुन्हा इथेच बसेल." ती आत आली. "मला वाटलं, तुला एखादं तरी स्वतः सापडेल. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाट बघणार होते. मग वर्नाकडे जाणारच होते, देवाशपथ."

"माझ्या मागे मागे दर फेरीला तीन मैल?"

"काठी विसरायची म्हणजे मेहनत लागते, मामा."

मला हसू आलं. राग अजून होता, पण तो तिच्यावर नव्हता. तिची मामी, माझी एलेन, गेल्यापासून माझ्यासाठी कुणी एवढं चाललं नव्हतं. हे तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "मीठ कमी घाल."

पण झोप लागेना, ती वेगळ्याच गोष्टीने. यंदाचं आयोनने सावरलं. मागच्या दोन वर्षांची शून्यं माझी एकट्याची आहेत. तेव्हा मागून कुणी चालत नव्हतं.

१८ मे

ऑफिसला गेलो. आयोनला बाहेर थांबायला सांगितलं. वर्नाच्या समोर बसलो आणि सगळं सांगितलं. डोळे, पाय, अंडी.

ती म्हणाली, "काका, आयोनचे फोटो आहेत ना? यंदाचा आकडा पक्का आहे. बाकीचं आपल्या दोघांत राहू दे. एवढ्या वर्षांचं तुमचं नाव..."

"मागच्या दोन वर्षांची शून्यं खोड."

"कशाला? कुणी विचारलंय?"

"वर्ना, शून्य म्हणजे मी पाहिलं आणि नव्हतं. मी पाहिलंच नाही. पुढे कुणी ते कागद काढेल आणि म्हणेल, दोन वर्षं इथे मासा नव्हता. माझ्या नावाने म्हणेल. मासा असेलही."

तिने दोन्ही वर्षांचे कागद काढले, शून्यं पुसली आणि तिथे लिहिलं, 'माहिती नाही'. कारणाच्या रकान्यात काय घालू, तिने विचारलं. मी म्हटलं, "मोजणाऱ्याला दिसत नव्हतं." तिने तसंच लिहिलं. लिहिताना तिने नाक ओढलं. दुसरीकडे बघावं म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. तिथे कसला तरी नकाशा होता, असं वाटतं.

बाहेर पडल्यावर वाटलं होतं की मान खाली जाईल. पण भूक लागली होती.

२३ मे

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही इथवर आलात कसे?" मी म्हटलं, "भाचीने आणलं." आधी उजव्याचं ऑपरेशन, अकरा जूनला. बरं होण्याची आशा चांगली आहे, पण डाव्याचं आत्ताच काही सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. भीती वाटते. माणसाने मासे मोजण्यापलीकडे काहीच शिकून ठेवलं नाही तर असं होतं.

३ जून

शेवटची फेरी. मी घरी थांबणार होतो. आयोनने पिकअप दारात आणून भोंगा वाजवला, शेजारची कुत्री उठली, तेव्हा जावंच लागलं.

पुलापासून मी तिच्या मागे, तिच्या पावलावर पाऊल टाकत. ती बघत होती, मी लिहीत होतो. एक ते सात आपापल्या जागी होती. आठव्याशी आम्ही दोघंही थांबलो. माझ्या बुटाची खूण पाण्याने बुजवली होती, असं ती म्हणाली.

"हे मोजायचं ना, मामा?"

"मोजायचं. शेऱ्यात लिहितो, तुडवलेलं. कुणी तुडवलं, तेही लिहितो."

तिने रिबीन माझ्या हातात दिली. फांदी चाचपून मी ती बांधली.

वाकड्या देवदाराच्या पुढे अर्धा मैल राहतो. तिथे दगड मोठे आहेत, पाण्याला ओढ आहे, आणि काठावरून चालायला वाट नाही. मी आणखी एकदा पडलो तर ती मला सोडून पुढे जायची नाही, आणि मग तो अर्धा मैल या वर्षी राहूनच जाईल. मी एका ओंडक्यावर बसलो आणि म्हटलं, "तू जा."

"एकटी? वरचं तू कुणाला देत नाहीस."

"जा म्हटलं ना. ओरडून सांग, मी लिहितो."

ती गेली. तिच्या विजारीचा चर्र चर्र आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग नुसतं पाणी. मी फॉर्म मांडीवर धरला, पेन्सिल काढली. बराच वेळ काही नाही. मर्लची गुरं कुंपणापलीकडे हंबरत होती. मग वळणाआडून, अगदी लांबून, तिचा आवाज आला. आनंदाने चिरकलेला.

"मामा! नऊ!"

सव्वीस वर्षांत प्रत्येक नव्या माणसाला अशा वेळी मी एकच प्रश्न विचारलाय. खात्री आहे का? तो ओठांवर आला होता. मी विचारला नाही. नऊ लिहिलं, आणि पाहणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव.